दाढ ठणकण्याआधीच दंतक्षय रोखता येतो

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव जुन्या बारवांसाठी ओळखले जाते. अशा गावांत दाढ दुखू लागली, की पहिला उपाय घरातच शोधला जातो. कोणी दाढेखाली लवंग धरतो, कोणी तंबाखूची चिमूट. अनेक स्त्रिया मिश्री लावतात. दंतवैद्यासाठी सहसा तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि त्यात दिवसाची मजुरी बुडते. ठणका थांबला, की जाणे लांबणीवर पडते. पुढे कधी दुखणे आपोआपच नाहीसे होते, तेव्हा दाढ बरी झाली असे वाटते. प्रत्यक्षात दाताच्या आतील नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाकडे सरकत असतो.

‘कीड’ हा शब्द रूढ असला, तरी दातात कोणतीही अळी नसते. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखर व पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात. या थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि खनिजांची काही प्रमाणात भरपाईही करते. पण त्यासाठी तिला वेळ मिळावा लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणासोबत खाल्लेला गुळाचा खडा दिवसभर घोट घोट घेतलेल्या गोड चहापेक्षा कमी घातक असतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री दात न घासणे सर्वांत महागात पडते.

दंतक्षयाची पहिली खूण म्हणजे दातावरील पांढरट, निस्तेज डाग. या टप्प्यावर वेदना नसते आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट व स्वच्छता यांनी झीज भरूनही येऊ शकते. खड्डा पडल्यावर मात्र दात भरून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

मुलांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. साहजिकच पालक तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती गेली, तर पुन्हा येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतील तपासणीत दातांचाही समावेश आहे. तपासणीनंतर मिळालेली चिठ्ठी घरात पडून राहू नये, एवढे तरी पालकांनी पाहावे.

मिश्रीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली ही पूड दात घासण्यासाठी म्हणून वापरली जाते आणि तिचे व्यसन जडते. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली. पण घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही. मिश्रीमुळे हिरड्या मागे सरतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सुपारी व गुटख्याने तोंड उघडणे कमी कमी होत जाते. राखुंडी, विटेची पूड यांत तंबाखू नसली, तरी त्यांच्या खरखरीने दाताचे आवरण झिजते.

पाण्याकडेही पाहायला हवे. फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांचे रक्षण करते. मात्र पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट, तसेच यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत ही समस्या आढळलेली आहे. उथळ विहिरींपेक्षा खोल विंधन विहिरींत हे प्रमाण बहुधा जास्त असते. ते चवीवरून कळत नाही, पाण्याची तपासणीच करावी लागते. असे डाग घासून जात नाहीत आणि ते अस्वच्छतेचे लक्षणही नव्हे. मुलांनी पेस्ट गिळू नये, यासाठी तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी आहे.

हिरड्यांतून रक्त येऊ लागले, की अनेकजण घासणेच थांबवतात. त्याने सूज वाढते. मऊ ब्रशने घासत राहणे आणि साचलेले कीटण काढून घेणे हाच उपाय. कीटण काढल्याने दात हलतात, हा समज चुकीचा आहे. कीटणाने आधीच सैल झालेले दात ते निघाल्यावर जाणवतात, इतकेच. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, या समजुतीलाही आधार नाही. मधुमेहींनी हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी, कारण हिरड्यांचा विकार आणि रक्तातील साखर एकमेकांना बिघडवतात. तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा पांढरा वा लाल चट्टा कायम राहिला, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा.