हाक ऐकणारा कोण?



इतिहासावर बोलावयास या व्यासपीठावर पंडित येतात. मी पंडित नव्हे. गिरणगावातील एका चाळीत वाढलो, शाळा अर्ध्यात सुटली, आणि पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, पंख्याखाली बसून झाले. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास मी सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसाने अंगावर वागवावयाच्या यंत्रांचा इतिहास सांगणार आहे. हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त साचेवाले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात अण्णांची नोकरी गेली, पण चाळ राहिली. पुढे चाळही गेली, आणि तिच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत त्यांना एक खोली मिळाली. मुलगे पोटापाण्यासाठी दूर. एके रात्री मोरीकडे जाताना अण्णा घसरून पडले. दार आतून बंद. सकाळी दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी दुसरी ठेवण्याची वेळ आली, तेव्हा दूध टाकणाऱ्या पोराने आरडाओरड केली. हाड मोडले नव्हते. इस्पितळात भेटावयास गेलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "आवाज दिला रे मी. रात्रभर दिला. पण आता भिंती जाड झाल्यात." दोन महिन्यांत ते गेले.

हाड न मोडता माणूस दोन महिन्यांत का जातो, हे मला उमगेना. उत्तर पुढे वाचनात सापडले. १९८१ साली इंग्लंडातील बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी यांनी घरात पडलेल्या वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. जे एका तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिले होते, त्यांतले निम्मे सहा महिन्यांच्या आत मरण पावले होते. त्यांत थेट दुखापत न झालेलेही होते. एकाच अंगावर पडून राहिल्याने स्नायू दबून नासतात आणि त्यांतले विष मूत्रपिंडावर जाते. थंडी बाधते, पाण्यावाचून शरीर सुकते, छातीत कफ साठतो. शिवाय जो उठू शकत नाही, तो मुळातच खचलेला असतो, हेही खरे. तेव्हा आजचा इतिहास हा एका अर्थी त्या एका तासाचा इतिहास आहे. पडणे आणि मदत पोहोचणे यांतील वेळ माणसाने कसकशी कमी करीत आणली, ते आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रारंभ मात्र पडण्यापासून झाला नाही, मोजण्यापासून झाला. इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी नाडीचा वेग लंबकाशी ताडून पाहण्याचे साधन केले. तो स्वतः तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून आपले वजन, खाणे-पिणे आणि उत्सर्ग यांचा हिशेब ठेवीत असे. त्याचा यावरील ग्रंथ १६१४ साली निघाला. शरीराचे बोलणे आकड्यांत लिहून ठेवता येते, ही कल्पना त्याने रुजविली. परंतु यंत्र जागचे हलत नव्हते. माणसालाच यंत्राकडे जावे लागे.

यंत्राला माणसाबरोबर चालावयास लावले ते अमेरिकेतील माँटाना संस्थानच्या नॉर्मन हॉल्टर या पदार्थवैज्ञानिकाने. हृदयाची गती माणूस हिंडता-फिरताना टिपली पाहिजे, असे त्याला वाटे. १९४० नंतरच्या दशकात त्याने जे पहिले यंत्र बांधले, ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन ८५ पौंड, म्हणजे जवळजवळ ३८ किलो होते! आमच्या गोदीतल्या हमालांना हा बोजा परका वाटला नसता. पुढे ट्रान्झिस्टर आले, वजन उतरत गेले, आणि १९६१ साली हॉल्टरने आपली पद्धत 'सायन्स' नियतकालिकात मांडली. आजही डॉक्टर चोवीस तासांसाठी छातीवर जे यंत्र लावतात, त्याला हॉल्टर असेच म्हणतात.

दुसरा प्रवाह साध्या कळीचा. १९७० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान याने घरगुती हाक-यंत्र तयार केले. अमेरिकेत मानसशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू डिबनर आणि त्यांच्या पत्नी सुसान यांनी १९७४ साली 'लाइफलाइन' ही संस्था काढली. योजना अगदी साधी होती. अंगावर एक कळ असावी. ती दाबली की घरातील टेलिफोनवरून संदेश केंद्रावर जावा, आणि तेथे बसलेल्या माणसाने शेजाऱ्याला किंवा रुग्णवाहिकेला कळवावे. श्रोतेहो, या योजनेतील महत्त्वाचा भाग कळ नव्हे, तेथे बसलेला माणूस आहे. जर्मनीत १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. पात्र वृद्धांना हाक-यंत्राचा खर्च त्यातून मिळू लागला. तेथे हा प्रश्न दयेचा राहिला नाही, हक्काचा झाला.

परंतु कळ दाबावी लागते, आणि तेथेच घोडे अडले. केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या लोकांची वर्षभर पाहणी करून २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पडलेल्यांपैकी ३० टक्के लोक तासभर किंवा अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले होते. पुष्कळांना कळीची सोय होती. तरी असे दीर्घकाळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी तिचा उपयोग केला नव्हता. कोणाची कळ खुंटीवर, कोणाला दाबण्याचे सुचले नाही, आणि कोणाला वाटले, उगाच लोकांना कशाला त्रास? हे शेवटचे कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मग यंत्रानेच पडणे ओळखावे, असे ठरले. त्यासाठी लागणारा भाग मोटारीच्या धंद्यातून आला. १९९० नंतर मोटारींत अपघाताच्या क्षणी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या सर्रास बसू लागल्या. धक्का ओळखण्यासाठी सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेला, केसासारख्या बारीक स्प्रिंगांवर झुलणारा सूक्ष्म भार वापरीत. हा त्वरणमापक. पुढे तो टेलिफोनात आणि खेळण्यांत शिरला, लाखोंनी निघू लागला आणि स्वस्त झाला. माणूस पडताना क्षणभर वजनरहित होतो, मग जमिनीचा आघात बसतो, आणि नंतर हालचाल थांबते. या तीन खुणा ओळीने दिसल्या की यंत्र म्हणते, माणूस पडला. २०१८ साली ॲपल कंपनीच्या मनगटी घड्याळात ही सोय आली. त्यात पडल्यावर सुमारे एक मिनिट हालचाल झाली नाही, तर घड्याळ स्वतःच मदतीला फोन लावते.

एका तासाचे एक मिनिट झाले! विज्ञानाचे हे ऋण मी मोकळेपणाने मान्य करतो. पण कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला नव्या यंत्राविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय असते, आणि ते तीन येथेही विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : ते कोणाच्या मापाचे आहे? बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याची पद्धत जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत आपल्या घराघरांत हे यंत्र आले; त्याने पुष्कळांना वेळीच सावध केले. पण २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले, की प्राणवायू धोकादायक रीतीने उतरलेला असूनही यंत्राला तो न कळण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. यंत्र खोटे नव्हते. त्याची पारख अपुरी होती.

दुसरा प्रश्न : हाक ऐकणाऱ्याचे काय? इंग्लंडात सरकारने कॉर्नवॉल, केंट आणि न्यूहॅम येथे सुमारे २,६०० लोकांवर घरगुती संवेदकांची मोठी चाचणी घेतली. २०१३ साली निष्कर्ष आला, की वर्षभरात इस्पितळात दाखल होणाऱ्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ यंत्रे निकामी, असा मी करीत नाही. यंत्र खबर देते. पाणी पाजणे, उठवून बसविणे, औषध आणणे ही कामे माणसाची. आपल्याकडे त्या कामाला आशा सेविकेसारख्या बाया धावतात, आणि त्यांना पगार नव्हे, मानधन मिळते! ज्यांच्या श्रमावर ही सारी व्यवस्था उभी राहावयाची, त्यांच्या पाळीचा आणि दामाचा हिशेब कोणत्याच जाहिरातीत नसतो.

तिसरा प्रश्न : माहिती कोणाच्या हाती? आमच्या इमारतीत एक आक्का आहेत. मुलाने घड्याळ आणून दिले, तर त्या मला म्हणाल्या, "भाऊ, हे बांधलं की मी देवळात किती वेळ बसले, ते सूनबाईला कळणार ना? मिलमध्ये मुकादम पाठीवर होता, तो आता मनगटावर नको." मला उत्तर देता येईना. मालक कामगाराची मिनिटे मोजतो ते यंत्र आणि मुलगा आईची काळजी वाहतो ते यंत्र, यांच्या आतला भाग एकच असतो. फरक असतो तो संमतीचा. शेवटी मुलाने, आक्कांनी आणि आम्ही शेजाऱ्यांनी बसून ठरविले. कुठे गेल्या, किती चालल्या, हे कोणाकडे जावयाचे नाही. पडल्या तर खबर प्रथम खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला, मग मुलाला. घड्याळ रात्री चार्जिंगला लावलेले असते, आणि अण्णा पडले ते रात्रीच. म्हणून आक्का ते आता दुपारी जेवताना चार्ज करतात.

जुन्या चाळीचे गोडवे मी गाणार नाही. तेथे खोकला सगळ्या मजल्याला ऐकू जाई, तसे भांडणही जाई. पण सकाळी एखादे दार उघडले नाही, तर ते कोणीतरी ठोठावीत असे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले आपले देशबांधव दहा कोटींवर होते. आज ते त्याहून अधिक आहेत. त्यांतल्या कित्येकांनी २०१४ साली ठरलेल्या किमान एक हजार रुपयांच्या मासिक पेन्शनवर दिवस काढले आहेत. त्यांनी घड्याळ कोठून घ्यावे? म्हणून माझे मागणे असे, की हे साधन सार्वजनिक आरोग्याच्या खर्चातून मिळावे, त्याची पारख आपल्या लोकांवर व्हावी, त्यातील माहितीवर अंगावर घालणाऱ्याचाच हक्क असावा, आणि हाकेला धावणाऱ्याला पुरे वेतन मिळावे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर, श्रोतेहो, आज घरी जाताना आपल्या मजल्यावर एकटे कोण राहते, ते पाहून ठेवा, आणि उद्या सकाळी त्यांचे दार वाजवा.