दोन टॉवेल

कन्हान नदीवरचा पूल ओलांडला की कामठी लागते. इंग्रजांनी १८२१ साली तिथे लष्कराची छावणी वसवली, ती आजही आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्रही तिथेच. त्यामुळे नदीच्या दोन्ही बाजूंना माजी सैनिकांची घरे आहेत. चार माजी सैनिक एकत्र बसले की बोलणे फिरून फिरून दोन गोष्टींवर येते, पेन्शन आणि दवाखाना. दवाखान्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "सरकारी दवाखान्यात काही कमीजास्त झालं तर विचारणार कोणाला? सरकारवर कोण केस करते?"

हे वाक्य नुसते वैतागाचे नाही. त्याला दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि तो आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठेच नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्लंडात जुना समज असा होता की राजाच्या हातून चूक होऊच शकत नाही. न्यायालये राजाची, मग राजालाच त्याच्या न्यायालयात उभे कसे करायचे? हा समज इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. पण ईस्ट इंडिया कंपनी राजाही होती आणि व्यापारीही, म्हणून इथे थोडा घोटाळा झाला. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीजवळ सरकारी कामगारांच्या हातून एक जड लोखंडी तुकडा पडला आणि एका बोट कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांची भरपाई मागितली. १८६१ साली निकाल लागला : गोदी चालवणे हे काही राजाचे काम नाही, ते कोणीही व्यापारी करू शकतो, तेव्हा सरकारने भरपाई द्यावी. मात्र त्याच निकालाने अशी रेघ ओढली की जे काम फक्त राजसत्ताच करू शकते, त्यात झालेल्या नुकसानीसाठी सरकारवर दावा चालणार नाही.

देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, पण ही रेघ राहिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मेरठचे एक प्रकरण आले. पोलिसांनी संशयावरून एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले होते आणि ज्याच्या ताब्यात ते होते तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला! न्यायालयाने हळहळ व्यक्त केली, पण जप्ती हे राजसत्तेचे काम म्हणून सरकारला जबाबदार धरले नाही. याबाबत कायदा करा असेही सुचवले. तसा कायदा आजवर झालेला नाही.

आता प्रश्न असा, की दवाखाना चालवणे हे कोणाचे काम? राजाचे की कोणाचेही? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्या एका घराने मिळवले आणि त्याची किंमतही त्याच घराने मोजली.

जुलै १९६३. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयात १० तारखेला एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची असे आधीच ठरले होते, ती १३ तारखेला झाली. ही शस्त्रक्रिया साधी समजली जाते. पण तिला जोराचा ताप चढला, पोटात कळा येऊ लागल्या. नवऱ्याने ओळखीच्या दुसऱ्या सरकारी डॉक्टरांना दाखवले, त्यांनी पोट पुन्हा उघडून पाहावे असे सुचवले. तेव्हा ते झाले नाही. अखेर १९ तारखेला टाके उघडले तेव्हा आत पू झालेला होता आणि रक्त टिपण्यासाठी वापरतात तो टॉवेल पोटातच राहिलेला होता. २४ जुलैला ती गेली. बाळ दोन आठवड्यांचे होते.

नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. मागणी १ लाख ७५ हजारांची होती, खालच्या न्यायालयाने ३६ हजार मंजूर केले. सरकार अपिलात गेले आणि उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. टॉवेलमुळेच मृत्यू झाला हे सिद्ध होत नाही, आणि रुग्णालय चालवणे हे राजसत्तेचे काम असल्याने सरकार जबाबदार नाही, असे त्या निकालाचे सार. घर हटले नाही, सर्वोच्च न्यायालयात गेले. २० फेब्रुवारी १९९६ रोजी 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो निकाल लागला आणि ३६ हजारांचा हुकूम कायम झाला.

त्या निकालातल्या दोन गोष्टी सामान्य माणसाने पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली, रुग्णालय चालवणे हे कल्याणाचे काम आहे, ते खाजगी लोकही करतात, तेव्हा राजसत्तेची ढाल इथे चालणार नाही. दुसरी, टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला हे रोग्याने दाखवून देण्याची गरज नाही. भूल दिलेल्या माणसाला ते कसे कळणार? पोटात टॉवेल राहिला हीच निष्काळजीपणाची साक्ष, आणि रुग्णालयातल्या नोकरांपैकी कोणाचाही तो दोष असला तरी मालक म्हणून सरकार बांधील. त्याच न्यायालयाने हेही सांगितले की डॉक्टरांचे कौशल्य कमीअधिक असते, मान्यताप्राप्त उपचार करूनही रोगी दगावला तर त्याला लगेच निष्काळजीपणा म्हणू नये. हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

पण वर्षे मोजा. १९६३ ते १९९६. तान्हे बाळ ३२ वर्षांचे झाले तेव्हा त्याच्या आईच्या मृत्यूचा हिशेब लागला. ३६ हजारांना १९६३ साली जी किंमत होती, ती १९९६ मध्ये कुठे राहिली होती?

योगायोग पाहा, अमेरिकेतही याआधी एका टॉवेलवरून खटला झाला होता, आणि तो सैनिकाचा होता. लष्करात असताना त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. आठ महिन्यांनी, सैन्यातून सुटल्यावर, पुन्हा पोट उघडावे लागले तेव्हा आत अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद टॉवेल सापडला. त्यावर अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय खात्याचा छापही होता! याहून उघड पुरावा तो कोणता? तरीही १९५० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सेवेत असताना झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा करता येणार नाही. माजी सैनिकांच्या रुग्णालयात निवृत्तीनंतर घेतलेल्या उपचारांबाबत मात्र दावा चालतो, असे १९५४ मध्ये ठरले. म्हणजे त्याच गुडघ्याची शस्त्रक्रिया गणवेश उतरवल्यावर बिघडली तर दाद आहे, अंगावर असताना बिघडली तर नाही. कार्यरत सैनिकांना निदान खात्याकडे भरपाईचा अर्ज करता यावा असा कायदा तिथे २०१९ च्या अखेरीस झाला. ब्रिटनमध्येही सैनिकांवर अशीच बंदी १९४७ पासून होती, ती १९८७ मध्ये उठली.

आपल्याकडे सैनिकांसाठी अशी वेगळी बंदी नाही. माजी सैनिकांची वेगळी रुग्णालयेही नाहीत. ते लष्करी रुग्णालयांत जातात, आणि १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये किंवा तिथून चिठ्ठी घेऊन खाजगी रुग्णालयांत. अडचण आली ती दुसरीकडून. १९८६ चा ग्राहक कायदा पैसे देऊन घेतलेल्या सेवेसाठी होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा त्यात आणली, पण जिथे सर्वांना फुकट उपचार मिळतात ती सरकारी रुग्णालये बाहेर ठेवली. तिथल्या रोग्याला दिवाणी दाव्याची लांब वाट उरते. मग नोकरीचा भाग म्हणून मिळणारा उपचार फुकट म्हणायचा का? मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या मृत्यूच्या प्रकरणात उत्तर आले : नाही. तो सेवाशर्तींचा भाग आहे, त्याला दान समजू नका. आमच्या भागात हे रेल्वेवाल्यांनाही कळले पाहिजे आणि वेकोलिच्या खाण कामगारांनाही. ईसीएचएसमध्ये तर बहुतेकांनी वर्गणीही भरलेली असते.

आणि मग सैनिकाचाच खटला आला. २००२ च्या जुलैमध्ये, ऑपरेशन पराक्रमच्या काळात, हवाई दलातला एक कॉर्पोरल आजारी पडला. जम्मू भागातल्या सांबा येथील लष्करी रुग्णालयात त्याला एक बाटली रक्त चढवले. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, तो पुन्हा आजारी पडला तेव्हा एचआयव्हीची लागण निघाली. लष्कराच्याच वैद्यकीय मंडळाने ती त्या रक्तामुळे झाल्याचे नोंदवले. २०१६ मध्ये तो नोकरीतून बाहेर पडला. जुने कागद मिळवण्यासाठी त्याला अर्जांवर अर्ज करावे लागले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दावा फेटाळला. २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. चूक कोणा एका व्यक्तीच्या माथी मारता येत नाही, म्हणून हवाई दल आणि लष्कर दोघेही जबाबदार, असे न्यायालयाने म्हटले. औरंगाबादच्या त्या घराने झगडून मिळवलेले तत्त्व साठ वर्षांनी एका जवानाच्या उपयोगी पडले ते असे.

मला या दुसऱ्या खटल्यात पैशापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. आपण डॉक्टर निवडतो, पटला नाही तर दुसरा पाहतो. जवानाला ती मुभा नसते. सांगतील त्या रुग्णालयात, देतील ते औषध. ज्याला निवड नाही त्याच्याबाबतीत काळजी जास्त घ्यायची, की 'फुकट तर मिळते' म्हणून कमी? उत्तर कोणीही सांगेल, पण ते कागदावर यायला २०२३ साल उजाडावे लागले.

या साऱ्यातून एक दिसते. सरकारवर केस होत नाही हे आता खरे राहिले नाही. रोग्याचा खरा शत्रू आहे तो काळ आणि हरवलेला कागद. टॉवेल सापडला म्हणून दाखवता आला, पण एका बाटलीभर रक्ताची साक्ष फक्त कागदच देतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, रेफरलची चिठ्ठी, रक्त चढवल्याची नोंद हे पेन्शनच्या कागदांइतकेच जपावे. केसपेपरची प्रत मागणे हा रोग्याचा हक्क आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ती मिळायला हवी. सरकारी ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. ग्राहक आयोगाकडे साधारण दोन वर्षांच्या आत जावे लागते. दिवाणी दावा लावायचा तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शंका आली की शेजाऱ्याला विचारत बसण्यापेक्षा वकिलाला विचारावे.

आमच्याकडचे माजी सैनिक अजूनही म्हणतात, सरकारवर कोण केस करते? औरंगाबादच्या एका घराने केली. एका कॉर्पोरलने केली. ज्या न्यायाने १८६१ साली एका घोड्याचे ३५० रुपये मिळाले, तोच न्याय सरकारी खाटेवरच्या माणसापर्यंत यायला १९९६ साल लागले. तो आला आहे. आता तो तेहतीस वर्षांऐवजी तीन वर्षांत मिळावा, एवढेच मागणे उरले आहे. आणि ते काही फार नाही.