यंत्रयुगात भाषाविज्ञानाचे काम काय?

भाषाविज्ञान म्हणजे शुद्धलेखनाचे नियम सांगणारे शास्त्र, असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात भाषा कशी बोलावी हे सांगण्यापेक्षा ती कशी बोलली जाते, हे पाहणे हे या शास्त्राचे काम होय. ध्वनी, शब्दरूपे, वाक्यरचना आणि अर्थ अशा पातळ्यांवर ते भाषेची तपासणी करते. सरकारी सेवा आणि बँकांचे व्यवहार मोबाइलवर आल्यापासून या तपासणीला व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

भाषांचा पसारा

२०११ च्या जनगणनेत नागरिकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे नोंदवली. छाननीअंती त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि दहा हजार वा अधिक भाषक असलेल्या भाषांची संख्या १२१ ठरली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत यांपैकी २२ भाषा आहेत. मराठी भाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. एकाच भाषेची अनेक नावे कोणती आणि खरोखर वेगळ्या भाषा कोणत्या, हे ठरविण्यासाठी भाषावैज्ञानिक निकष लागतात.

अक्षरांपासून सुरुवात

संगणक अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक ठरले. पुढे युनिकोडचा प्रसार झाला. त्यापूर्वी एका फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसत असे. लिपीतील बारकावेही महत्त्वाचे असतात. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा भेद मराठीत अर्थ बदलतो, म्हणून संगणकालाही तो पाळावा लागतो.

शब्दांची रूपे

मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘पाणी’ या शब्दाचे ‘पाण्यात’, ‘पाण्यासाठी’, ‘पाण्यावाचून’ असे होते. केवळ अक्षरे जुळवून ‘पाणी’ शोधणाऱ्या यंत्राला यांपैकी एकही रूप सापडणार नाही. शब्दरूपांचे नियम नेमकेपणाने मांडण्याची परंपरा आपल्याकडे पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांपर्यंत मागे जाते. अर्थाचा प्रश्न निराळाच. ‘पान’ झाडाचे, पुस्तकाचे की विड्याचे, हे संदर्भावरून ठरते. असे अर्थसंबंध नोंदविणारे मराठी ‘वर्डनेट’ मुंबईच्या आयआयटीत तयार झाले आहे.

लेखन नसलेल्या भाषांचे काय?

आजची यंत्रे प्रचंड मजकूर वाचून भाषेतील नियमितता स्वतःच टिपतात. मग भाषावैज्ञानिक हवेत कशाला, असा प्रश्न विचारला जातो. परंतु त्यासाठी मुळात मजकूर उपलब्ध हवा. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. अशा भाषांतील छापील मजकूर अत्यल्प आहे. गावोगावी जाऊन बोलणे ध्वनिमुद्रित करणे, ते लिहून घेणे आणि त्याचे व्याकरण मांडणे, याला पर्याय नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे असे सर्वेक्षण हाती घेतले. केंद्र सरकारच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ या सोयीद्वारे सामान्य नागरिकही आपला आवाज आणि भाषांतरे देऊ शकतात.

या कामाचे महत्त्व अभ्यासकांपुरते मर्यादित नाही. दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या यंत्राला केवळ प्रमाण मराठी समजत असेल, तर वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याला पीकविम्याची चौकशी करण्यासाठी आपली बोली बाजूला ठेवावी लागेल. माणसाने यंत्रासाठी भाषा बदलायची की यंत्राने माणसाची भाषा शिकायची, हे बव्हंशी या नोंदी वेळेत होतात की नाही, यावर अवलंबून राहील.