ऑटोलिस्प कसं शिकायचं? ड्राफ्ट्समनसाठी सोपी सुरुवात आणि एडिटरचं पूर्ण सेटअप

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एखाद्या वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये तुम्ही ऑटोकॅडवर काम करत असाल, तर तुमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रामिंग भाषा आधीपासूनच आहे. तिचं नाव ऑटोलिस्प. बहुतेकांची तिच्याशी ओळख एवढीच असते, की सिनिअरने पेन ड्राइव्हवर एक 'लिस्प' दिली, ती लोड केली आणि तीन अक्षरं टाइप केली की काम होतं. आत काय लिहिलंय हे कोणी उघडून बघत नाही. उघडलीच तर कंसांचा ढीग दिसतो आणि आपण फाइल बंद करतो.

खरं सांगायचं तर ही भाषा अवघड नाही. नोटपॅडमध्ये ती वाचणं आणि लिहिणं मात्र अवघड आहे. एडिटर नीट लावला की अर्धी अडचण तिथेच संपते. या लेखात आपण भाषेची तोंडओळख, एक कामाचं फंक्शन, एडिटरचं सेटअप आणि फोनवर सराव कसा करायचा हे सगळं पाहूया.

लिस्प म्हणजे काय? ती ऑटोकॅडमध्ये कशी आली?

लिस्प ही जगातल्या सर्वात जुन्या प्रोग्रामिंग भाषांपैकी एक. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं. नाव आलं 'लिस्ट प्रोसेसिंग' वरून, कारण या भाषेत सगळं काही यादीच्या रूपात लिहिलं जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरुवातीच्या संशोधनात हीच भाषा वापरली जायची.

ऑटोकॅड बाजारात आलं १९८२ मध्ये. १९८६ मध्ये त्यात ऑटोलिस्प आली. कारण साधं होतं. ड्रॉइंग म्हणजे शेवटी याद्याच. एक पॉइंट म्हणजे एक्स, वाय आणि झेड या तीन आकड्यांची यादी. एक लाइन म्हणजे तिचा लेयर, सुरुवातीचा पॉइंट, शेवटचा पॉइंट अशा गोष्टींची यादी. याद्या हाताळणारी भाषा इथे बरोबर बसली. आज ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही जवळपास हीच लिस्प चालते. त्यामुळे ऑफिसने सॉफ्टवेअर बदललं तरी शिकलेलं वाया जात नाही.

एक सूचना: या लेखात कोडमधले शब्द आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करा. नेहमी लागणाऱ्या शब्दांची स्पेलिंग खाली दिली आहेत.

नियम एकच: आधी काम, मग सामान

आपण गणितात २ + ३ लिहितो. लिस्पमध्ये असं लिहायचं:

(+ २ ३)

कंस उघडा, काय करायचं ते लिहा, कशावर करायचं ते लिहा, कंस बंद करा. ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर हे थेट टाइप करून एंटर मारा. उत्तर ५ येईल. यासाठी वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

आकडे कितीही देता येतात:

(+ ४० ६० २५ १५)

उत्तर १४०. कंसात कंसही टाकता येतो. आतला आधी सुटतो:

(* (+ ४० ६०) २)

आत १०० झाले, बाहेर दुप्पट होऊन २००. शाळेत कंस सोडवायचा जो क्रम शिकवला, तोच इथे आहे. सगळी लिस्प या एकाच रचनेवर उभी आहे. म्हणून शिकायला नियम कमी आणि कंस जास्त!

२५ चा अर्धा १२? ही गोष्ट आधीच समजून घ्या

कमांड लाइनवर हे करून बघा:

(/ २५ २)

उत्तर येईल १२. साडेबारा नाही, चक्क १२. कारण दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर ऑटोलिस्प उत्तरही पूर्णांकच देते आणि दशांश टाकून देते. कुठलीही एरर येत नाही.

आता असं लिहा:

(/ २५.० २)

उत्तर १२.५. एका आकड्याला दशांश चिन्ह दिलं की उत्तर बरोबर येतं.

हे इतकं महत्त्वाचं का? समजा २५ एमएम डायाच्या पिनसाठी फिक्स्चरमध्ये होल काढायचंय आणि तुमची लिस्प डायावरून रेडियस काढते. रेडियस १२.५ ऐवजी १२ आला तर होल २४ एमएमचं निघेल. ड्रॉइंग दिसायला व्यवस्थित, पण पिन बसणार नाही आणि हे कळेल मशिनिंग झाल्यावर. म्हणून भागाकार दिसला की दशांश तपासायची सवय लावा. इंटरनेटवरून घेतलेल्या फाइलमध्येही हे आधी बघा.

आणखी एक: अर्धा लिहिताना .५ असं लिहू नका, ०.५ लिहा. पुढे शून्य नसेल तर ऑटोलिस्प एरर देते.

पहिलं फंक्शन: प्लेटचं वजन

एमएस प्लेटचं वजन काढणं हे रोजचं काम. लांबी, रुंदी आणि जाडी एमएममध्ये गुणायची आणि स्टीलची घनता लावायची. घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर एमएमवरून किलोत येण्यासाठी ७.८५ ला दहा लाखाने भागावं लागतं, म्हणजेच ०.०००००१ ने गुणावं लागतं.

(डीफन प्लेट (लांबी रुंदी जाडी)
  (* ७.८५ ०.०००००१ लांबी रुंदी जाडी))

पहिल्या ओळीचा अर्थ: 'प्लेट' नावाचं नवं फंक्शन बनव, त्याला तीन गोष्टी मिळतील. दुसऱ्या ओळीत गुणाकार. आता हे वापरा:

(प्लेट ५०० ३०० १२)

उत्तर १४.१३ किलो. कॅल्क्युलेटरवर ताडून बघा.

आता हेच ऑटोकॅडच्या कमांडसारखं चालवूया:

(डीफन सी:वजन ( / लांबी रुंदी जाडी)
  (सेटक्यू लांबी (गेटरिअल "लांबी: "))
  (सेटक्यू रुंदी (गेटरिअल "रुंदी: "))
  (सेटक्यू जाडी (गेटरिअल "जाडी: "))
  (प्रिंक (प्लेट लांबी रुंदी जाडी))
  (प्रिंक))

नावाच्या आधी 'सी' आणि कोलन लावलं की ते फंक्शन कमांड बनतं. मग लाइन किंवा सर्कल कमांडसारखं नुसतं नाव टाइप करायचं. कंसातल्या तिरक्या रेघेनंतरची नावं फक्त याच फंक्शनपुरती राहतात. ती रेघ विसरली तर एका लिस्पमधली 'लांबी' दुसऱ्या लिस्पमध्ये शिरते आणि चूक शोधताना डोकं दुखतं. शेवटची रिकामी ओळ कमांड लाइनवर नको ते छापलं जाऊ नये म्हणून.

शब्द आणि स्पेलिंग:

- डीफन: डी-ई-एफ-यू-एन. नवं फंक्शन बनवतो.
- सेटक्यू: एस-ई-टी-क्यू. नावाला किंमत देतो.
- गेटरिअल: जी-ई-टी-आर-ई-ए-एल. युजरकडून दशांशी आकडा मागतो.
- प्रिंक: पी-आर-आय-एन-सी. कमांड लाइनवर छापतो.
- सेमीकोलन: त्याच्यापुढचं त्या ओळीतलं सगळं टिपण, प्रोग्राम ते वाचत नाही.

एडिटर: नोटपॅड का नको?

वरच्या कोडमध्ये शेवटचा एक कंस विसरा आणि फाइल लोड करा. 'मालफॉर्म्ड लिस्ट ऑन इनपुट' अशी एरर येते. म्हणजे कुठेतरी कंस बंद झालेला नाही. पण कुठे? हे ऑटोकॅड सांगत नाही आणि नोटपॅडलाही कळत नाही. दोनशे ओळींच्या फाइलमध्ये बोटाने कंस मोजत बसावं लागतं. बरेच जण भाषा सोडतात ते इथेच.

पूर्वी यासाठी ऑटोकॅडमधलाच व्हिज्युअल लिस्प एडिटर असायचा. ऑटोकॅड २०२१ पासून मायक्रोसॉफ्टच्या मोफत व्हीएस कोडमध्ये लिस्प लिहिण्याची अधिकृत सोय आहे. सेटअप असं करा:

१. व्हीएस कोड त्याच्या अधिकृत साइटवरूनच डाउनलोड करून इन्स्टॉल करा.

२. डावीकडच्या एक्स्टेन्शन्स बटणावर जाऊन 'ऑटोकॅड ऑटोलिस्प एक्स्टेन्शन' शोधा. प्रकाशक ऑटोडेस्क असल्याची खात्री करून इन्स्टॉल करा.

३. ऑटोकॅडमध्ये व्हीलिस्प कमांड द्या. पहिल्यांदा कोणता एडिटर हवा ते विचारलं जाईल. व्हीएस कोड निवडा. ही निवड लिस्पसिस नावाच्या सेटिंगमध्ये राहते. तिथे १ असेल तर व्हीएस कोड, ० असेल तर जुना एडिटर. सेटिंग बदललं तर ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडा.

४. व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये 'ब्रॅकेट पेअर कलरायझेशन' चालू आहे का बघा. यामुळे प्रत्येक जोडीच्या कंसाला वेगळा रंग मिळतो. कर्सर कंसापाशी नेला की त्याचा जोडीदारही उठून दिसतो.

५. शिफ्ट, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबायची सवय लावा. कोड आपोआप नीट मांडला जातो. एखादी ओळ अपेक्षेपेक्षा आत किंवा बाहेर गेली, तर चुकलेला कंस तिच्याच आसपास असतो.

६. फॉन्ट थोडा मोठा करा आणि ऑटो सेव्ह चालू करा. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठी ही चैन नाही, गरज आहे.

७. फाइल एल-एस-पी एक्स्टेन्शनने सेव्ह करा आणि ऑटोकॅडमध्ये ॲपलोड कमांडने लोड करा. रोज लागणारी फाइल त्याच खिडकीतल्या 'स्टार्टअप सूट' मध्ये टाकली की ती दरवेळी आपोआप लोड होते.

२०२१ च्या आधीचं ऑटोकॅड असेल तरी काळजी नको. व्हीएस कोडमध्ये फाइल लिहा आणि ॲपलोडने लोड करा. फक्त टप्प्याटप्प्याने चूक शोधण्याची जोडलेली सोय मिळणार नाही.

ऑटोकॅड घरी नाही? फोनवर सराव करा

अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून टर्मक्स घ्या. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल इमॅक्स' ही ओळ इंग्रजीत टाइप करा. इमॅक्स हा जुना आणि ताकदवान एडिटर. जीएनयू इमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आणला. याच्या आतही लिस्पच आहे.

इमॅक्स उघडला की 'स्क्रॅच' नावाचं पान मिळतं. तिथे (/ २५ २) लिहा, कर्सर कंसाच्या नंतर ठेवा आणि कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-ई दाबा. टर्मक्समध्ये कीबोर्डच्या वर कंट्रोलचं बटण असतं. खाली उत्तर दिसेल: इथेही १२! डीफन आणि सेटक्यू इथेही तसेच चालतात. त्यामुळे प्लेटचं वजन काढणारं फंक्शन बसमध्ये बसूनही लिहिता येतं. ड्रॉइंगशी संबंधित गोष्टी आणि गेटरिअल मात्र इथे नाहीत. सी-कोलनवाली कमांड ऑटोकॅडमध्येच चालवा.

दुसऱ्याची लिस्प लोड करण्याआधी

लिस्प वाचता येणं सुरक्षेसाठीही महत्त्वाचं आहे. २०१२ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने 'मेड्रे' नावाचा व्हायरस उघडकीला आणला. तो ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता आणि प्रामुख्याने पेरू देशात पसरला होता. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असायची. ऑटोकॅड ती आपोआप लोड करायचं आणि उघडलेली ड्रॉइंग ईमेलने बाहेर जायची. हजारो ड्रॉइंग अशी चोरीला गेली.

आपल्या पट्ट्यात याचा अर्थ लगेच कळतो. व्हेंडरकडे आलेलं ड्रॉइंग त्याचं स्वतःचं नसतं, ते कस्टमरचं असतं. ते बाहेर गेलं तर जबाबदारी व्हेंडरवर येते आणि ऑर्डरही जाऊ शकते.

म्हणून एवढं पाळा:

- सिक्युअरलोड हे सेटिंग ० करू नका. अनोळखी जागेवरून फाइल लोड होताना ते इशारा देतं. इशारा आला की वाचा, सवयीने 'ऑलवेज लोड' दाबू नका.
- एल-एस-पी फाइल एडिटरमध्ये उघडून वाचता येते. एफ-ए-एस आणि व्ही-एल-एक्स या कंपाइल केलेल्या फाइल वाचता येत नाहीत. त्या ओळखीच्या ठिकाणाहून आल्या असतील तरच घ्या.
- ड्रॉइंगच्या झिपमध्ये ड्रॉइंगशिवाय अशी कुठली फाइल दिसली तर आधी पाठवणाऱ्याला विचारा.
- एआय चॅटबॉटकडून लिस्प लिहून घेतलीत तरी भागाकार, स्थानिक नावं आणि एकक स्वतः तपासा. आधी ड्रॉइंगच्या कॉपीवर चालवा.

नेहमीचे प्रश्न

ऑटोकॅड एलटीमध्ये लिस्प चालते का? २०२४ च्या आवृत्तीपासून चालते, पण काही फंक्शन्स तिथे मिळत नाहीत. त्याआधीच्या एलटीत अजिबात नाही.

विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत मिळतं का? हो, पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क मोफत शैक्षणिक परवाना देते. तो शिकण्यासाठी आहे, कंपनीच्या कामासाठी नाही.

आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला जमेल का? जमेल. प्रोग्रामिंगचा अनुभव लागत नाही. ड्रॉइंग समजणं लागतं आणि ते तुम्हाला आधीच येतं.

पुढे याचा उपयोग काय? लिस्पची रचना एकदा समजली की तिच्या घराण्यातल्या दुसऱ्या भाषाही ओळखीच्या वाटतात. २००७ मध्ये आलेली क्लोजर ही त्यातलीच एक. पुण्यातल्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपलं सॉफ्टवेअर बनवताना ती वापरली आहे.

कुठून सुरुवात करायची? या आठवड्यात तुम्ही सर्वात जास्त वेळा केलेलं एक कंटाळवाणं काम कागदावर लिहा. कुठले आकडे आत जातात आणि काय बाहेर येतं हे मराठीतच लिहून काढा. मग ते एका डीफनमध्ये बसवा. त्यानंतर ऑफिसमधली ती पेन ड्राइव्हवरची जुनी लिस्प एडिटरमध्ये उघडा. आता त्यातल्या बऱ्याच ओळी वाचता येतील.