वर्गातल्या छळाचा इतिहास: गोणपाट, नळ आणि डबे

शाळेत एखाद्या मुलाला जातीवरून चिडवलं, त्याच्या बाकावर कुणी बसेना, की शाळा म्हणते, ‘पोरंच ती, मस्ती करतात.’ आपल्यातलेही काही जण म्हणतात, ‘बाबासाहेबांनी एवढं सोसलं, तुला एवढंही सोसवत नाही?’ ही दोन्ही उत्तरं आम्हाला मान्य नाहीत. का, ते इतिहासच सांगतो.

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एक-दोघांना आत घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील आणि शाळाच निकामी होईल, हे त्याचं कारण. बहिष्काराची नुसती भीती सरकारला पुरली. 1858 मध्ये, संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचं जाहीर झालं. पण कागदावर दार उघडलं म्हणून वर्ग उघडत नाही.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. तिथले शाळकरी दिवस त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहेत. बसायला वेगळं गोणपाट, तेही कोपऱ्यात. शाळेचा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि परत आणायचं. इतर मुलं गुरुजींना विचारून नळावर जात. यांना शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तहान.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुलं आरडाओरडा करत धावली आणि डबे बाजूला केले. ही हकिकत धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. तिथे कुणा मोठ्याचा हुकूम लागला नाही. घरात आणि शाळेत पाहिलेलं मुलं आपणहून करत होती. याला मस्ती कसं म्हणायचं?

आता परिणाम पाहा. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावरही तो नळ आणि ते गोणपाट विसरत नाही. बाबासाहेबांनी ‘सोसा’ असं कधीच शिकवलं नाही. पाण्यासाठी 1927 साली ते महाडला उतरले आणि पुढे संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. त्यांच्या सोसण्याचा दाखला देऊन आपल्या लेकराला गप्प बसवणं हा त्या लढ्याचा अपमान आहे.

छळ झालेलं मूल आधी प्रश्न विचारायचं थांबतं, मग पोटदुखीचं निमित्त काढतं, मग शाळा सोडतं. दफ्तरात नोंद होते फक्त ‘गळती’.

म्हणून मित्रहो, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. ‘तुमच्या मुलाचा वर्ग बदलू’ ही तडजोड स्वीकारू नका. कोपऱ्यातल्या गोणपाटाचीच ती नवी आवृत्ती आहे. आणि विहारात रविवारी वंदना झाल्यावर मुलांना मार्क विचारण्याआधी एवढंच विचारा: वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं?

जय भीम!