दलमात पोरं जात कशी होती? गडचिरोलीत मूठभर माणसांनी पाय कसे रोवले

गडचिरोली : ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आणखी ६० जणांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का वर्षाच्या पहिल्याच दिवशी आली होती. तेव्हापासून पानटपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो. बाहेरून आलेली एवढीशी माणसं, मग चाळीस वर्षं टिकली कशी?

नक्षलबारीचा उठाव १९६७ चा, पश्चिम बंगालमधला. आपल्याकडचा धागा मात्र आंध्रातून आला. १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर हा गट काढला आणि त्याच वर्षी पाच-सात जणांच्या तुकड्या गोदावरी-प्राणहिता ओलांडून जंगलात शिरल्या. पेद्दी शंकर हा त्यातला एक तरुण त्याच वर्षी सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीने मेला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला.

सुरुवातीला गावकरी त्यांना डाकू समजून पळायचे. मग ते गोंडी, माडिया बोलायला शिकले. त्यांनी लगेच मार्क्स-माओ सांगितला नाही, तेंदूपत्त्याच्या भावाबद्दल विचारलं. ७० पानांच्या पुड्याला तेव्हा मोजके पैसे मिळत. बांबू तोडणाऱ्याची मजुरीही तशीच. त्यात जंगल खात्याचा गार्ड आला की कोंबडी, बकरी, फुकटची मजुरी, आणि जळणाचं लाकूड आणलं तर केसची धमकी. दलमवाल्यांनी गार्डला चोप दिला, ठेकेदाराला दम भरला, भाव वाढला. गावाला वाटलं, आपल्या बाजूने कोणीतरी बोलतंय. ही गोष्ट आज बोलायला अवघड वाटते, पण ती वगळली तर पुढचं काहीच समजत नाही.

एकदम बंदूक कोणाच्या हाती दिली जात नसे. आधी गावात ‘संगम’, म्हणजे ओळखीच्याच चार-सहा जणांची समिती. पोरांसाठी बाल संगम, बायांसाठी क्रांतिकारी आदिवासी महिला संघटना, आणि गाण्या-नाचासाठी चेतना नाट्य मंच. रेलाच्या चालीवर गाणी, ढोल, रात्रभर कार्यक्रम. शाळा सुटलेल्या, करायला काही नसलेल्या पोराला हे आवडणारच. मग निरोप पोहोचवणे, भात गोळा करणे, पहारा देणे. एवढं केलं की पोलिसांच्या यादीत नाव लागायची भीती, आणि घरी राहणं कठीण. तिथून दलम एका पावलावर. काही मुली मनाविरुद्धचं लग्न टाळायला गेल्या. काही ठिकाणी तर प्रत्येक घरातून एक पोरगं द्या, असा थेट हुकूम होता.

आत गेल्यावरचं चित्र वेगळं. आत्मसमर्पण केलेल्या अनेकांनी सांगितलेली गोष्ट सारखीच आहे : लग्नाला परवानगी, पण आधी नसबंदी. मोठे नेते बहुतेक तेलुगू, पहारा आणि ओझी स्थानिक गोंड-माडिया पोरांकडे.

दरम्यान तेंदूचा हिशोबही उलटला. ज्या ठेकेदाराला दम दिला त्याच्याकडूनच दर हंगामात खंडणी सुरू झाली. म्हणजे ठेकेदार टिकला पाहिजे, हीही पक्षाची गरज झाली. आणि विश्वासाची जागा भीतीने घेतली. पोलीस ठाण्यात दिसला, नवा मोबाईल घेतला, रस्त्याच्या कामाला गेला, एवढ्यावरून ‘खबऱ्या’ ठरवून माणसं मारली गेली. त्यातले बहुतेक आदिवासीच. दुसऱ्या बाजूने ‘दलमला जेवण दिलं’ म्हणून पोलिसांचा जाच. बंदूकवाला रात्री दारात आला तर जेवण नाही म्हणणार कोण?

एक गोष्ट इथे सांगायला हवी. लाल झेंडा दिसला की नक्षल, असं समजणं चूक आहे. निवडणूक लढवणारे, मजुरांचे मोर्चे काढणारे डावे पक्ष वेगळे. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि एमसीसी एकत्र येऊन भाकप (माओवादी) झाला आणि २००९ मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली. बंदी आहे ती या पक्षावर.

त्याच २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. नंतर इतर तालुक्यांतही ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या. ज्या भावावरून दलमने गावात पाय ठेवला होता, तो भाव आता ग्रामसभेच्या बैठकीत ठरतो. वेळेवर पैसे न देणारा ठेकेदार अजूनही भेटतो, पण त्याच्याशी झालेला करार आता ग्रामसभेच्या कपाटात असतो.