बेलवडीची मल्लम्मा : चित्रकथेतील एका पात्राची घडण

गेल्या श्रावणात एका सायंकाळी बेळगावातील आमच्या देवस्थानाच्या सभागृहात लांब टेबलावर दहाबारा चित्रे मांडून ठेवलेली होती. समाजातील काही तरुण मंडळींनी मुलांसाठी मराठी, कोंकणी व कन्नड अशा तिन्ही भाषांत एक ऐतिहासिक चित्रकथा काढण्याचा संकल्प सोडला आहे. चित्रे काढणारी मुलगी निपाणीची. मजकुरातील इतिहास तपासण्याचे काम आमच्याकडे आले. वकिली सांभाळून जुन्या कागदांचा नाद करणाऱ्या माणसाकडे अशी कामे चालत येतात.

चित्रांतली स्त्री घोड्यावर स्वार होती. हाती उपसलेली तलवार, डोळ्यांत अंगार, पदर वाऱ्यावर उडालेला. हात कसलेला होता, यात शंका नाही. कीर्तनास आलेल्या एक वृद्ध बाई टेबलाशी थांबल्या, चष्मा सावरून त्यांनी चित्र न्याहाळले आणि कोंकणीत विचारले, "ही कोण गो?" एकाने उत्तर दिले, "झाशीची राणी." दुसऱ्याने सांगितले, "कित्तूरची चन्नम्मा." चित्र होते बेलवडीच्या मल्लम्मेचे.

मल्लम्मेचा लढा १६७८ चा, चन्नम्मेचा १८२४ चा आणि झाशीच्या राणीचा १८५७-५८ चा. तीन वेगळे काळ, तीन वेगळ्या स्त्रिया, आणि चित्र मात्र एकच. खालचे नाव खोडून दुसरे लिहिले तरी चालावे असे ज्याचे रूप आहे, ते पात्र अजून जन्मास यावयाचे आहे. ते कसे जन्मास येते, याचा विचार त्या सायंकाळपासून आमचा पिच्छा सोडीत नाही. तोच येथे वाचकांपुढे मांडीत आहोत.

चित्रांच्या ओळीने कथा सांगणे आपल्या प्रांतास नवे नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच, म्हणजे पोथी, समोर घेऊन एकामागून एक चित्र दाखवीत कथा गावयाची, ही तिची रीत. ही परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. घाट चढून अलीकडे आले की उत्तर कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक भेटतात. त्यांचा खेळ कन्नड भाषेतला, आणि घरची बोली मराठी वळणाची. सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांस यात नवल वाटत नाही.

या कलावंतांस एक मोठी सोय असे. प्रेक्षक रामास व रावणास आधीच ओळखत. दहा शिरे दिसली की नाव सांगावे लागत नसे. पात्र श्रोत्यांच्या मनात तयार असे. चित्राने त्यास केवळ हाक मारावयाची.

ती ओळख पुढे पातळ होत गेली. कारकळ येथे १९२९ साली जन्मलेले अनंत पै १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरील एक प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम पाहत होते. ग्रीक देवांविषयी उत्तरे देणाऱ्या मुलांस रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, ही आठवण ते नेहमी सांगत. त्या खंतीतून 'अमर चित्र कथा' उभी राहिली. मालेतील 'कृष्ण' हा अंक पै यांनी लिहिला व राम वाईरकर यांनी रंगविला. याच वाईरकरांनी पुढे 'टिंकल' मासिकात सुप्पंडी या भोळ्या नोकराची चित्रे काढली. सुप्पंडीचे डोके नुसते काळ्या सावलीत दाखविले तरी मूल त्यास ओळखते. कृष्ण परंपरेने दिलेला, सुप्पंडी कल्पनेने घडविलेला. दोघांच्या बाबतीत चित्रकारास पुराव्याची वाट पाहावी लागली नाही.

इतिहासातील व्यक्तीचे तसे नाही. ती खरोखर जगून गेलेली असते. तिच्यावर परंपरेचा हक्क आहे, कल्पनेचाही आहे, परंतु कागदपत्रांचा हक्क आधी येतो.

तेव्हा मल्लम्मेविषयी कागद काय म्हणतात ते पाहू. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते. गोवळकोंड्यास कुतुबशहाची भेट झाली, जिंजी हाती आली, आणि १६७८ च्या आरंभी परतीच्या वाटेवर आजच्या बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगलच्या बाजूस, बेलवडीच्या देसायांच्या गढीशी त्यांच्या फौजेचा संघर्ष झाला. देसाईणीचे नाव कन्नड परंपरेत मल्लम्मा. मराठीत ती सावित्रीबाई या नावानेही येते. कन्नड परंपरा सांगते की तिचा पती ईशप्रभू लढाईत पडला आणि मग तिने सूत्रे हाती घेतली. गढी २७ दिवस झुंजली, असे यदुनाथ सरकारांनी आपल्या १९१९ च्या शिवचरित्रात नमूद केले आहे.

या प्रकरणातील सर्वांत मोलाची साक्ष राजापूरच्या इंग्रज वखारीची आहे. १६७८ च्या फेब्रुवारीतील त्यांच्या पत्राचा आशय असा की, एवढी राज्ये जिंकणारा हा राजा या देसाईण बाईस नमवू शकत नाही, आणि येथे त्याची जेवढी नाचक्की झाली तेवढी मोगलांकडूनही झाली नव्हती. ही वार्ता इंग्रजांस महाराजांकडून आलेल्या माणसांनीच दिली, असे पत्रात म्हटले आहे. ऐकीव साक्षीस न्यायालयात किंमत कमी, हे खरे. परंतु स्वतःच्या पक्षास उणेपणा आणणारी गोष्ट माणूस सहसा उगीच सांगत नाही. म्हणून आम्ही या साक्षीस वजन देतो.

भांडणाचे मूळ काय? येथे दोन कैफियती आहेत. मराठी बाजू सांगते की, फौजेचे सामान वाहणारे बैल बेलवडीकरांनी पळविले. कन्नड बाजू सांगते की, सैनिकांनी दुधासाठी गावच्या गाईंवर हात टाकला. चित्रकथेचे पहिले पान कोणाच्या गुरांनी उघडावयाचे, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. पहिल्या चौकटीत जो अन्यायी दिसला तो शेवटच्या चौकटीपर्यंत अन्यायी राहतो. मुलांस निकालपत्र वाचावे लागत नाही. चित्रातच निकाल लागलेला असतो.

पहिल्या मसुद्यात मराठे सैनिक मिशा पिळीत हसणारे दाखविले होते. मंडळींपैकी एकाने ते नापसंत करून उलट टोक गाठले आणि देसाईणीस हटवादी, लोभी ठरविले. आम्ही दोन्ही मसुदे परत केले. आमचे म्हणणे एवढेच होते की, वर्षभर घराबाहेर असलेल्या फौजेस भूक असते आणि गाव ज्यांवर जगतो त्या गाईंस धनी असतो. दोन्ही बाजूंस आपापले कारण द्या, म्हणजे दोन्ही बाजूंस माणसे दिसतील. ज्या कथेत प्रतिपक्ष नुसता राक्षस असतो, तीत नायिकेचीही परीक्षा होत नाही.

मग रूपाचा प्रश्न आला. महाराजांचे चित्र मुलीने पंचविशीतल्या तरुणाचे काढले होते. जन्म १६३० चा धरला तर बेलवडीच्या वेळी ते ४८ वर्षांचे होते, राज्याभिषेक होऊन गेला होता आणि आयुष्याची दोनच वर्षे उरली होती. लांबच्या मोहिमेतून परतणारा प्रौढ राजा एका लहान गढीपाशी अडकून पडतो, ही त्या दिवसांतील वस्तुस्थिती. ती तरुण चेहऱ्यावर उमटणार नाही. चेहऱ्याच्या बाबतीत आपण पूर्वी एकदा ठेच खाल्ली आहे. पुष्कळ वर्षे एका भलत्याच सरदाराची तसबीर महाराजांची म्हणून छापली जाई. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये खरे समकालीन चित्र पुढे आणले तेव्हा ती चूक दुरुस्त झाली.

मल्लम्मेचे बेंद्रे कोण होणार? तिचा आधार कागदावर नसून दगडावर आहे. धारवाडजवळ यादवाड येथे मारुतीच्या देवळापाशी एक शिल्प आहे. त्यात एका भागी घोड्यावर बसलेला सशस्त्र वीर आहे, आणि दुसऱ्या भागी तोच वीर बसलेला असून त्याच्या मांडीवर मूल व हाती दुधाची वाटी आहे. परंपरा सांगते की हा वीर म्हणजे शिवाजीमहाराज, मूल मल्लम्मेचे, आणि राज्य परत मिळाल्यावर तिनेच हे शिल्प कोरवून घेतले. विचार करता आमच्या ध्यानी आले की ही दोन चौकटींची चित्रकथाच आहे. पहिल्या चौकटीत शस्त्र, दुसऱ्या चौकटीत दूध. कन्नड कैफियतीप्रमाणे ज्या दुधावरून तंटा पेटला, त्याच दुधावर तो मिटला.

आम्ही मुलीस सांगितले, "अगं, यापलीकडचे तिच्या तोंडी काही घालू नकोस. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घातले की साक्ष बाद होते." मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, पुराव्यात बसेल तेवढेच बोलायचे ठरवले, तर राजा बोलेल, इंग्रज बोलतील, सरदार बोलतील. तीच एकटी मुकी राहील. तिने लिहिलेला कागद आपल्याकडे नाही, हा तिचा दोष आहे का?"

वाचकहो, आमच्या इतक्या वर्षांच्या वकिलीत यापेक्षा सरळ उत्तर आम्हांस क्वचित मिळाले असेल. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचीच पात्रे बोलकी राहावयाची, असा नियम केला तर इतिहासातल्या निम्म्याअधिक माणसांस आपण कायमचे गप्प करू. त्या दिवशी आम्ही आमची हरकत मागे घेतली आणि नियम बदलला : तिने बोलावे, परंतु कल्पिलेल्या शब्दांनी वादातला कोणताही मुद्दा परभारे निकालात काढू नये. गुरे कोणी आधी नेली, हे तिच्या तोंडून ठरवावयाचे नाही. गढीत धान्य किती उरले, मुलाने आज काही खाल्ले का, हे तिने जरूर विचारावे. वेढ्यातील कोणत्याही आईने ते विचारले असते.

त्यानंतर मुलीने जी चित्रे आणली त्यांत घोडा नव्हता. पहिल्या पानावर देसायांच्या वाड्यात वसुलीच्या कागदांवर टेकलेले दोन हात होते. मधल्या पानांवर तेच हात दरवाजाचा अडसर सरकवीत होते, जखम बांधीत होते, आणि हो, तलवारही धरीत होते. शेवटच्या पानावर त्या हातांत दुधाची वाटी होती. लुगड्याचे काठ तिने मुद्दाम साधे ठेवले. आजची इरकल १६७८ च्या अंगावर चढवावी की नाही, याचा निर्णय आम्ही अजून केलेला नाही.

एक प्रसंग राहिला होता. सखूजी गायकवाड नावाच्या सरदाराने पराभवानंतर या बाईची बेअब्रू केली आणि संतापलेल्या महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्यास कैदेत टाकले, ही हकीकत सरकारांच्या ग्रंथात आहे. मुलांच्या पुस्तकात हे घ्यावे काय? आम्ही घ्यावे असे मत दिले. आपल्याच सरदारास शिक्षा करणारा राजा या प्रसंगावाचून कळणार नाही. मात्र बेअब्रू चित्रात दाखवू नये. शिक्षा दाखवावी, तीही तोंडी आज्ञेपुरती. स्त्रीच्या दुःखाचा तमाशा मांडून तिचा गौरव होत नाही.

हे सारे एवढ्या बारकाईने का करावे, असे कोणी विचारील. कारण आम्ही बेळगावात राहतो. १९५६ पासून येथे भाषेचा वाद चालत आला आहे आणि २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयातही गेला. त्या वादात आमचे मत काय, ते येथे अप्रस्तुत आहे. परंतु एकाच गल्लीत एक मूल मराठी शाळेत जाते व दुसरे कन्नड शाळेत. एकाला शिवाजीमहाराज ठाऊक असतात आणि मल्लम्मा ठाऊक नसते. दुसऱ्याला मल्लम्मा ठाऊक असते आणि तिच्यासमोरचा राजा म्हणजे केवळ चालून आलेला शत्रू वाटतो. ही दोन मुले हे पुस्तक एकमेकांच्या हातून घेऊन वाचणार आहेत. त्यांतील एकासही ते खाली टाकावेसे वाटू नये, आणि खोटे सांगूनही ते साधू नये, एवढीच आमची इच्छा.

नवी चित्रे नवरात्रात त्याच टेबलावर मांडली. त्याच वृद्ध बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी नाव विचारले नाही. शेवटच्या पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "भुरग्याक दूद दिलें मगो?" मुलाला दूध मिळाले ना, एवढेच त्यांस हवे होते.

पुस्तकाचे काम अद्याप चालू आहे. बैलहोंगल, सौंदत्ती किंवा धारवाड भागातील ज्या वाचकांच्या घरी जुनी वतनपत्रे असतील, अथवा त्या काळच्या वाड्याची, वस्त्रांची व भांड्यांची खात्रीची माहिती असेल, त्यांनी ती संपादकांमार्फत आम्हांस अवश्य कळवावी. चित्रे पक्की होण्यापूर्वी चूक दाखविली तर ती सुधारता येते. छापल्यावर ती पुढच्या पिढीचा इतिहास होऊन बसते.